फेअरिंगमधले स्पीकर: पॉड बदलू, स्पीकर बदलू की अ‍ॅम्प?

भांडुप_थंपर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. गाडी रॉयल एनफील्डची सुपर मिटिऑर ६५०. पुढे फायबरचं बॅटविंग फेअरिंग (हेडलाइटभोवतीचं वटवाघळाच्या पंखांसारखं कव्हर) बसवून घेतलंय, फोर्कच्या क्लॅम्पवर बसतं, म्हणजे हँडलबरोबर फिरतं. आत साडेसहा इंची कोअ‍ॅक्सियल स्पीकरची जोडी आहे, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या मध्येच बारीक सुरांचा ट्वीटर, चार ओहमची, कारच्या दरवाजात लावतात तसले, मागे प्लास्टिकचे छोटे पॉड (डबे) आणि क्लास डी चा (कमी तापणारा) छोटा अ‍ॅम्प. गाणी मोबाइलवरून ब्लूटूथने.

आता प्रॉब्लेम असा की बिल्डिंगखाली गाडी उभी करून वाजवलं तर आवाज मोठा येतो पण माठात तोंड घालून बोलल्यासारखा, ढोलकी वाजतेय का तबला ते कळत नाही, सगळं एकाच सुरात बूं बूं. आणि हायवेला लागलो, साठच्या वर गेलो की ते बूं पण गायब, फक्त ट्वीटरची चिवचिव उरते. ज्याने बसवलं तो म्हणतो अ‍ॅम्प मोठा घ्या. दुसरा एक म्हणतो बेस बूस्ट वाढवा. पॉडला मागे दोन इंचाचं भोक आहे, ते तळहाताने दाबलं तर आवाज बदलतो पण चांगला होतो का वाईट तेच समजत नाही. बजेट आठ-दहा हजार, आणि जे काय करायचं ते पावसाच्या आधी उरकायचंय.

गल्ली_क्रूझर

हेल्मेटमध्ये ब्लूटूथ लाव आणि विषय संपव. तुझं गाणं अख्ख्या एलबीएस रोडला ऐकवायची काय गरज आहे.

भांडुप_थंपर

भावा हेल्मेटवालं पण आहे माझ्याकडे. पण फेअरिंगमधून ऐकायची मजा वेगळी असते, ज्यांनी ऐकलंय त्यांना माहितेय. त्यावर वाद नको, धागा भरकटेल.

लॅमिंग्टन_सोल्डर

अ‍ॅम्पला हात लावू नकोस अजून. ५० वॅटचा १०० वॅट केलास तर मिळणार ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. तेवढ्यात तुझा स्पीकर फाटेल आणि बॅटरी बसेल. तुझी तक्रार आवाज कमी आहे ही नाहीच मुळी, आवाज घाण आहे ही आहे, आणि ती घाण स्पीकरच्या मागच्या हवेत आहे.

स्पीकरच्या खोक्यात एक कागद असतो जो सगळे फेकून देतात. तो शोध. त्यावर एफएस (स्पीकर मोकळ्या हवेत स्वतःहून ज्या सुरावर डोलतो तो), क्यूटीएस (ते डोलणं किती आवरलेलं आहे तो, जास्त म्हणजे कमी आवरलेलं) आणि व्हीएएस असे तीन आकडे असतील, ते इथे टाक. त्यावर छापलेले पीक वॅट सांगू नकोस, त्याचा कोणालाच उपयोग नाही. आणि पॉडमध्ये किती लिटर हवा मावते ते मोज.

भांडुप_थंपर

कागद मिळाला. एफएस ७० हर्ट्झ, क्यूटीएस ०.६, व्हीएएस १० लिटर, सेन्सिटिव्हिटी ९१. आता पॉड मोजायचा कसा काका? वाकडातिकडा आकार आहे, पट्टी लावून होणार नाही.

लॅमिंग्टन_सोल्डर

काका म्हणालास, ठीक आहे, वय झालंय. कुरमुरे आण. भोकाला आतून टेप लाव, पॉडमध्ये प्लास्टिकची पिशवी घाल, काठोकाठ कुरमुरे भर आणि मग लिटरच्या मापाने मोजून काढ. पाणी ओतलंस तर गळेल, तांदूळ जड पडतात, कुरमुरे स्वस्त आणि नंतर भेळ करता येते. त्यातून स्पीकरच्या मॅग्नेटची जागा वजा कर, साधारण पाव ते अर्धा लिटर धर.

भांडुप_थंपर

मॅग्नेट वजा करून २ लिटर भरले. भेळ झाली.

लॅमिंग्टन_सोल्डर

मग उत्तर सापडलं. आता जरा गणित करतो, कंटाळा येणाऱ्यांनी खाली उडी मारा.

बंद खोक्यातला स्पीकर म्हणजे एक वजन आणि दोन स्प्रिंगा, एक स्प्रिंग स्पीकरची स्वतःची आणि दुसरी आत कोंडलेल्या हवेची. व्हीएएस म्हणजे किती लिटर हवा या स्पीकरच्या सस्पेन्शनइतकीच कडक असते तो आकडा. तुझ्या स्पीकरचा १० लिटर आणि हवा दिलीस २ लिटर, म्हणजे हवेची स्प्रिंग पाचपट कडक. सूत्र सोपं आहे: व्हीएएस भागिले खोक्याचे लिटर, त्यात १ मिळवायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने एफएस आणि क्यूटीएस दोन्हीला गुणायचं. १० भागिले २ म्हणजे ५, अधिक १ म्हणजे ६, वर्गमूळ २.४५. एफएस ७० चा झाला १७१ हर्ट्झ, क्यूटीएस ०.६ चा झाला १.४७.

यातला दुसरा आकडा, ज्याला क्यूटीसी म्हणतात, तो ०.७ च्या आसपास असला की आवाज सपाट राहतो. १.४७ म्हणजे १७० हर्ट्झच्या जरा वर जवळपास ४ डेसिबलचं टेंगूळ आणि त्याच्या खाली धाडकन उतार, दर सप्तकाला १२ डेसिबल. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग बरोबर याच पट्ट्यात येतो, म्हणून तुला सगळं बूं बूं ऐकू येतं. ढोलकी असो तबला असो, पॉड आपला एकच सूर लावून बसलाय.

हे मी घरी बसून शोधलेलं नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील नावाच्या इंजिनिअरने १९६१ मध्ये याचं गणित मांडलं, मग १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉलने ते पूर्ण केलं, म्हणूनच या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. कारवाले स्पीकर मुद्दाम जास्त क्यूटीएसचे बनवतात कारण दरवाजात पन्नास लिटर हवा असते आणि केबिन बंद असल्यामुळे खालचा बेस फुकटात वाढतो. बाइकला ना दरवाजा ना केबिन.

भांडुप_थंपर

काका नमस्कार तुम्हाला. मग त्या भोकाचं काय? दुकानदार म्हणाला तो बेस पोर्ट आहे.

लॅमिंग्टन_सोल्डर

पोर्ट म्हणजे नुसतं भोक नव्हे, नळी लागते, आणि नळीची लांबी खोक्याच्या आकारावर ठरते. ५ सेंटिमीटर व्यासाची नळी २ लिटरच्या पॉडला ८० हर्ट्झवर ट्यून करायची तर लांबी येते ४२ सेंटिमीटर. तुझा पॉड आख्खा किती खोल आहे? नुसतं भोक ठेवलं, भिंत ३ मिलिमीटरची, तर तो ट्यून होतो २७० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे बेस पोर्ट म्हणून विकलेलं भोक मिडरेंजमध्ये शिट्टी घालतंय आणि त्याच्या खाली स्पीकरच्या मागचा आवाज मोकळा सोडून पुढचा आवाज मारतंय. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटर लांब असते, तिला तुझ्या फेअरिंगला वळसा घालून पुढे यायला काहीच लागत नाही, आणि मागचा आवाज पुढच्याच्या उलटा असतो त्यामुळे दोघे एकमेकांना खातात. भोक बंद कर. तरी १.४७ चं टेंगूळ राहणारच, पण निदान एकच आजार उरेल.

घाटवाट_ठाणे

इतकं कशाला, सरळ दहा इंची सबवूफर लाव ना मागच्या बॅगेत. माझ्या मित्राने लावलाय, छाती हलते.

वडाळा_ट्विन

उभ्या गाडीवर हलते. मी स्वतः दोन वर्षं फेअरिंगवाली गाडी चालवतेय आणि एक गोष्ट कोणी बोलत नाहीये ती म्हणजे वारा. हेल्मेटच्या आत ६० च्या स्पीडला साधारण ९० डेसिबल आवाज असतो आणि १६० ला ११० च्या आसपास जातो, अशी मोजमापं झालेली आहेत, आणि त्यातला बहुतेक आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीचा असतो, घुंऽऽ असा. हेल्मेट वरच्या फ्रिक्वेन्सी बऱ्यापैकी अडवतं पण २५० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच अडवत नाही. म्हणजे ५० हर्ट्झचा बेस चालत्या गाडीवर वाऱ्यात बुडणार म्हणजे बुडणार, कितीही वॅट टाक. स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, मात्र उगाच नाचत राहतो, कारण तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनला चौपट हलावं लागतं.

म्हणून थंपर, तुला हवंय ते १२० पासून ४-५ हजार हर्ट्झपर्यंत स्वच्छ, त्याच्या खालचं विसर. अ‍ॅम्पला हाय पास, म्हणजे खालचा बेस अडवणारा फिल्टर, असेल, तो १०० च्या आसपास लाव, बेस बूस्ट शून्य कर.

आणि आपण मुंबईत चालवतो कुठे? सी लिंक बंद, कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, पुण्याला जायचं तर एक्सप्रेसवे बंद, जुन्या हायवेने खोपोली. रोजचं म्हणजे सायन ते भांडुप चाळीसच्या स्पीडने. तेवढ्यासाठी मध्यम आवाजात स्वच्छ वाजणारी सिस्टिम सहज होते, शंभरच्या वर ऐकायचं असेल तर हेल्मेटच बरं, गल्ली_क्रूझर तिथे बरोबर आहे.

गल्ली_क्रूझर

बघा, म्हणालो होतो.

शांतताप्रिय_दादर

जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. रात्री साडेअकराला शिवाजी पार्कला चकरा मारत स्पीकर लावून फिरणारे लोक बघितले की सगळ्या बाइकवाल्यांबद्दल डोक्यात जातं. २००० सालचे ध्वनी प्रदूषण नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हॉस्पिटल-शाळा-कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. परळ-दादरला तर दर चार पावलांवर हॉस्पिटल. तुमचं थील-स्मॉल चालू द्या पण हे पण लक्षात असू द्या.

वडाळा_ट्विन

अगदी मान्य दादा. आणि स्वार्थ पण आहे, चांगला लागलेला स्पीकर हळू आवाजात पण कळतो, वाईट लागला की लोक व्हॉल्यूम वाढवत बसतात.

भांडुप_थंपर

मी रात्री वाजवत नाही दादा, आमच्या सोसायटीत सेक्रेटरीच खाली उभे असतात. बरं, मग पॉड काढून मोठे पॉड घेऊ का? बाजारात चार लिटरचे बघितले, डिस्प्लेला आणि केबलला लागतील असं वाटतंय.

फायबरवाला_कुर्ला

पॉड घेऊच नको. फेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या शेलमध्ये एवढी पोकळी आहे ती काय कामाची? पॉड काढ, दोन्ही शेलचा जोड सील कर, अख्खं फेअरिंगच खोकं होतं. बॅटविंगमध्ये हेच बरं पडतं. मी एफआरपीचं, म्हणजे फायबर-रेझिनचं, काम करतो, दोन-चार गोष्टी सांगतो ज्या दुकानात कोणी सांगत नाही.

एक, शेल ठोकून बघ. स्वस्त फेअरिंगमध्ये मॅटचा एकच थर असतो, टणटण वाजतं. स्पीकरच्या आजूबाजूला आणि मोठ्या सपाट भागावर आतून चॉप्ड स्ट्रँड मॅटचे अजून दोन थर टाक, आधी ८० च्या पॉलिश पेपरने घासून घे नाहीतर नवीन थर सोलून निघतो. त्यावर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट, अ‍ॅल्युमिनियम फॉइलवाली. डांबरवाली स्वस्त शीट घेऊ नको, मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की वितळून खाली येते. सगळीकडे थापायची पण गरज नाही, वजन वाढतं आणि तुझं फेअरिंग फोर्कवर आहे, पुढचं वजन वाढलं की हँडल जड होतं आणि हायवेला डुलायला लागतं. निम्मा भाग झाकला तरी टणटण जाऊन ठप आवाज येतो.

दोन, आणि हे फार महत्त्वाचं. रेझिन घेशील तर त्यात कोबाल्ट (सुकणं वेगात करणारं द्रव्य) आधीच मिसळलेलं आहे का विचार. कोबाल्ट वेगळं मिळालं तर ते आधी रेझिनमध्ये ढवळ, नीट एकजीव झाल्यावरच हार्डनर टाक. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोघं थेट एकमेकांत कधीच, कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडतो. चष्मा घाल, ग्लोव्ज घाल, बाल्कनीत नको, मोकळ्यावर कर. आणि दमट हवेत रेझिन चिकट राहतं, म्हणून जून लागायच्या आत आवर.

तीन, स्पीकरची रिंग एमडीएफची असेल तर काढून फेक. आमच्याकडे पावसाळ्यानंतर फुगलेल्या रिंगा घेऊन लोक येतात, स्क्रू हाताने निघतो. ७१० चा मरीन प्लाय वापर आणि कडा रेझिनने सील कर, नाहीतर किचनमधला जाड चॉपिंग बोर्ड घे, एचडीपीईचा असतो, जिगसॉने रिंग कापता येते आणि पाणी पित नाही.

लॅमिंग्टन_सोल्डर

फायबरवाला लाखमोलाचं बोललास. फक्त एक जोड देतो. दोन स्पीकर एकाच पोकळीत असले की हवा दोघांत वाटली जाते, १४ लिटर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ७. ते पण चालेल. १० भागिले ७ अधिक १, वर्गमूळ १.५६. रेझोनन्स १०९ हर्ट्झ, क्यूटीसी ०.९३. टेंगूळ ४ डेसिबलवरून १ च्या आत येतं आणि आवाज १७० च्या ऐवजी ११० पर्यंत उतरतो. एक पैसा न घालता, तोच स्पीकर, तोच अ‍ॅम्प. सपाट ०.७ हवं असेल तर एकेका स्पीकरला २५ लिटर द्यावे लागतील, ते बाइकवर होणार नाही, सोडून दे.

वरून आत रेक्रॉन भर, उशीत भरतात तो. फायबरमुळे हवा गरम-थंड होण्यात फरक पडतो आणि खोकं दहा-पंधरा टक्के मोठं असल्यासारखं वागतं, आणि मिडरेंजचे आतले पडसाद मरतात ते वेगळंच. कापूस वापरू नकोस, पाणी धरून ठेवतो. दाबून ठोसू नकोस, सैल भर, आणि कोनला किंवा मॅग्नेटच्या मागच्या छिद्राला चिकटायला नको, वर पातळ जाळी बांध.

भांडुप_थंपर

हे जमेल असं वाटतंय. पण आतून इग्निशनची वायर जाते, हेडलाइटची, क्लच केबल, डिस्प्लेची हार्नेस (वायरची जुडी), सगळीकडे भोकंच भोकं आहेत. सिलिकॉन मारू का सरळ?

लॅमिंग्टन_सोल्डर

मार, पण वास घेऊन घे. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं, ते तांब्याला आणि कनेक्टरला खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं माग. वायरच्या भोकाला रबर ग्रोमेट आणि वरून सिलिकॉन, मोठ्या फटीला एमसील, दोन शेलच्या जोडाला क्लोज्ड सेलची फोम पट्टी, जी दाबली तरी पाणी पित नाही. क्लच केबल मात्र चिकटवू नकोस, ती हलायला पाहिजे, तिच्यासाठी बाहेरून रस्ता काढ. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघ काही ओढलं जातंय का, हे आवाजापेक्षा आधी.

हेडलाइट एलईडी आहे ना? मग बरं. हॅलोजन असता तर ५५-६० वॅटची उष्णता बंद खोक्यात कोंडायला नको म्हणालो असतो. तरी हेडलाइटच्या वाटीच्या मागे वेगळी भिंत घाल, ती जागा खोक्यात घेऊ नकोस.

वडाळा_ट्विन

आणि पाणी? पूर्ण सील केलं तरी आपल्याकडे आत दव धरतंच. सगळ्यात खालच्या बिंदूला बारीक भोक ठेव, ३ मिलिमीटरचं, आवाजाला फरक पडत नाही. कागदी कोनचे स्पीकर असतील तर पहिल्या पावसाळ्यातच मऊ पडतात, पॉलिप्रॉपिलीन कोन आणि रबर सराउंड असेल तर टिकतो. माझं वडाळ्याला, खाडी जवळ, टर्मिनल हिरवी पडायला फार वेळ लागत नाही. कथिल चढवलेली वायर आणि टर्मिनलवर डायइलेक्ट्रिक ग्रीस.

अजून एक, स्पीकरचं तोंड कुठे आहे? बॅटविंगमध्ये बहुतेकदा छातीकडे असतं. साडेसहा इंची कोन दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वर टॉर्चच्या झोतागत सरळ जातो, बाजूला पसरत नाही. रिंग करतेच आहेस तर, सॉरी, करतोच आहेस तर पाचरीसारखी कर, वरची कड पातळ खालची जाड, म्हणजे तोंड हेल्मेटकडे वर होईल. सेटिंग न बदलता शब्द ऐकू यायला लागतात.

भांडुप_थंपर

अपडेट. पॉड काढले, शेलला दोन थर मॅट, डॅम्पिंग शीट निम्म्या भागावर, चॉपिंग बोर्डच्या तिरक्या रिंगा, जोडाला फोम पट्टी, आत रेक्रॉन, हेडलाइटमागे भिंत. कुरमुरे परत आणले, भिंत सोडून १३ च्या वर १४ च्या आत भरले. घरचे आता भेळेला कंटाळलेत.

फरक जाम आहे, बूं बूं गेलं, माणसाचा आवाज माणसासारखा येतो. पण खरं सांगू का, बेस पॉडपेक्षा कमी वाटतोय, काकांच्या हिशोबाने वाढायला हवा होता ना? कुठेतरी लीक असेल का?

लॅमिंग्टन_सोल्डर

दोन टेस्ट कर. पहिली, सगळं बंद असताना एका स्पीकरचा कोन चारी बोटांनी हळूच सरळ आत दाब. दोन्ही एकाच पोकळीत आहेत, सील नीट असेल तर दुसऱ्याचा कोन बाहेर यायला पाहिजे आणि थोडा वेळ तसाच राहायला पाहिजे. लगेच परत बसला तर लीक आहे. ते बारीक ड्रेन भोक त्या वेळी टेपने बंद कर.

दुसरी, मोबाइलवर टोन जनरेटर टाकून ५० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लाव, हाय पास तात्पुरता काढ, आणि पेटती उदबत्ती प्रत्येक जोडाजवळून फिरव. जिथे धूर थरथरतो तिथे लीक.

भांडुप_थंपर

पहिल्या टेस्टला दुसरा कोन हलला पण लगेच परत गेला. उदबत्तीने डिस्प्लेच्या खालच्या कोपऱ्यात सापडलं, हार्नेस जिथे घुसते तिथे. एमसील मारून परत केली, आता कोन टिकतो. बेस थोडा वाढला पण अजून मनासारखा नाही. विचित्र म्हणजे बॅलन्स एका बाजूला फिरवला की बेस वाढतो, मध्ये आणला की कमी होतो!

वडाळा_ट्विन

एका स्पीकरची वायर उलटी आहे. डोळे झाकून सांगते.

लॅमिंग्टन_सोल्डर

शंभर टक्के. आणि एकाच पोकळीत असल्यामुळे जास्तच त्रास देणार, एक कोन आत जातो तेव्हा दुसरा बाहेर, आतली हवा नुसती इकडून तिकडे. अ‍ॅम्पपासून वायर सोड, पेन्सिल सेल घे, प्लस ला प्लस क्षणभर टेकव, कोन बाहेर उडाला तर बरोबर, आत गेला तर उलटी. दोन्ही स्पीकरवर कर, दोघे एकाच दिशेला गेले पाहिजेत. आणि टर्मिनलवरच्या खुणेवर विश्वास ठेवू नकोस, कोनकडे बघ.

भांडुप_थंपर

चायला! डावा उलटा होता, बसवणाऱ्यानेच तसा जोडलेला, म्हणजे पहिल्या दिवसापासून. सरळ केला आणि ढोलकीची थाप आणि घुमारा वेगवेगळे ऐकू आले. मस्तच. घोडबंदरला सत्तरच्या स्पीडने पण गाण्याचे शब्द कळतात.

आता शेवटची कटकट, शांत गाण्यात इंजिनबरोबर वाढणारी एक बारीक शिट्टी येते, रेस दिली की चढते.

घाटवाट_ठाणे

फिल्टर मिळतो दोनशे रुपयाला, लाव.

लॅमिंग्टन_सोल्डर

फिल्टर सगळ्यात शेवटी. आधी अर्थ बघ. अ‍ॅम्पची अर्थ हँडलला किंवा फेअरिंगच्या ब्रॅकेटला दिली असेल, ब्लूटूथ रिसीव्हरची दुसरीकडे, त्या दोन जागांमध्ये जो थोडासा व्होल्टेजचा फरक असतो तोच शिट्टी होऊन वाजतो. दोन्हींची अर्थ एकत्र करून सरळ बॅटरीच्या मायनसला ने. सिग्नलची वायर पॉवरच्या वायरपासून लांब ठेव, एकमेकांना छेदायचीच असेल तर काटकोनात. पॉवरच्या वायरला फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, अ‍ॅम्पजवळ नाही, कारण फ्यूज वायर वाचवायला असतो, वायर घासून फ्रेमला टेकली तर टाकीखाली आग लागते.

मग गेन. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, मोबाइलचा आवाज पाऊण ठेवून गेन शून्यापासून हळूहळू वाढव, जिथे आवाज फाटायला लागतो तिथून थोडा मागे आण आणि परत हात लावू नकोस. स्पीकर जास्त वॅटने कमी आणि फाटलेल्या सिग्नलने जास्त जळतात, आणि पहिला ट्वीटर जातो.

राहिली बॅटरी. दोन चॅनल मिळून खरे १०० वॅट काढलेस तर क्लास डी असूनही साधारण ९ अँपिअर ओढणार. गाण्यात सरासरी त्याच्या बरीच खाली असते म्हणून भागतं, पण सिग्नलला इंजिन आयडलवर, हेडलाइट चालू, तेव्हा चार्जिंग कमी पडू शकतं. हँडलवर छोटा व्होल्टमीटर लाव. चालू गाडीत १३.५ च्या वर दिसलं तर निर्धास्त राहा, आयडलला १२.५ च्या खाली उतरायला लागलं तर सिग्नलपुरता आवाज कमी कर. अ‍ॅम्पची रिमोट वायर (जिच्यावर तो चालू-बंद होतो) इग्निशनवरून रिलेने घे, म्हणजे चावी काढली की अ‍ॅम्प बंद.

भांडुप_थंपर

अर्थ खरंच ब्रॅकेटला दिलेली होती. रिले आणि व्होल्टमीटर शनिवारी लॅमिंग्टन रोडवरून आणतो. रिले किती अँपिअरचा मागू?

लॅमिंग्टन_सोल्डर

रिमोटसाठी साधा गाडीचा १२ व्होल्ट ३० अँपिअरवाला चार पिनी पुष्कळ झाला, बेससकट माग म्हणजे सोल्डर करत बसावं लागणार नाही. रविवारी मागू नकोस, बरीच दुकानं बंद असतात. आणि ड्रेनच्या भोकावरचा टेप काढलास का?

भांडुप_थंपर

काढतो.